कुलूप आणि संशय

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. तिथल्या जुन्या घरांना चौकटी आहेत, दारे नाहीत. कुत्री आत शिरू नयेत म्हणून फळी टेकवायची, आडोशाला पडदा लावायचा, एवढाच बंदोबस्त. देवही उघड्यावरच आहे: चौथऱ्यावर काळी शिळा, वर छप्पर नाही. या गावात चोरी करणाऱ्याला शनिदेव शासन करतो, तो आंधळा होतो, अशी श्रद्धा आहे. मराठी माणूस या गावाचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे आणि त्या कौतुकात थोडी टोचणीही असते. ज्याच्या दाराला दोन कुलपे, बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर आणि खिडक्यांना ग्रिल आहे, त्याचा देवावरचा भरवसा कमी पडला असे म्हणायचे का? की माणसावरचा? संध्याकाळी देवापुढे दिवा लावणारे घर रात्री कडी-कोयंडा दोनदा तपासून निजते, तेव्हा त्याची एक कृती दुसरीला खोटी पाडते का? हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. घर राखण्याचे काम जवळजवळ प्रत्येक कुटुंब रोज करते आणि त्याचा नैतिक हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही. माझे म्हणणे असे आहे, की घर बंद करण्यात अश्रद्धा नाही आणि अधर्मही नाही. बहुतेक वेळा ते कर्तव्यच असते. पण दार राखता राखता आपण माणसांची वर्गवारी करू लागतो, अमुक जातीचा, अमुक कपड्यांतला, अमुक वस्तीतला तो चोर असे ठरवू लागतो, तिथे राखण संपते आणि अन्याय सुरू होतो. धर्मग्रंथ, कायदा आणि आपला अलीकडचा इतिहास या तिन्हींत ही सीमारेषा पुरेशी स्पष्ट दिसते.

आधी शिंगणापूरच नीट पाहू. दार नाही याचा अर्थ तिथे माणसांचा एकमेकांवर अमर्याद विश्वास आहे, असा आपण लावतो. श्रद्धेची रचना मात्र वेगळी आहे. चोराला शासन होणारच, या भीतीवर ती उभी आहे. लोखंडाचे कुलूप गेले आणि त्याच्या जागी देवाच्या कोपाचे आले. ते कमी दर्जाचे आहे असे मी म्हणणार नाही. भयाने का होईना, एक गाव दारांवाचून नांदले ही मोठीच गोष्ट आहे. पण त्याला निखळ विश्वासाचे उदाहरण म्हणता येत नाही. शिवाय बाहेरचे जग आत येऊ लागले तसतशा अडचणी दिसू लागल्या. 2011 मध्ये युको बँकेने तिथे शाखा काढली, ती बिनकुलपाची म्हणून गाजली. तिला काचेचे दार होते आणि ते विद्युतचुंबकीय यंत्रणेने बंद होत असे. कुलूप होते, फक्त डोळ्यांना दिसत नव्हते. बँकेला मी दोष देत नाही. तिच्याकडचा पैसा ठेवीदारांचा होता आणि तो उघड्यावर टाकण्याचा तिला अधिकारच नव्हता. भाविकांच्या गाड्यांतून ऐवज गेल्याच्या तक्रारी त्याच सुमारास झाल्या. पुढे 2025 मध्ये तर देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांना लुबाडल्याच्या तक्रारींवरून गुन्हे नोंदवले गेले. जे गाव दाराशिवाय राहू शकते, तिथेही चोरी दाराकडे न फिरकता येऊ शकते, हे त्यावरून कळते. तेव्हा दाराचे असणे-नसणे हा श्रद्धेचा मापदंड ठरत नाही. तिर्मिझींच्या हदीस संग्रहात एक प्रसंग आहे. उंट बांधू, की मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू, असे एकाने पैगंबरांना विचारले. आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असे त्यांचे उत्तर. आपल्याकडच्या परंपरेतही उद्योग आणि दैव यांची जोडी अशीच लावलेली आहे. श्रद्धेला कुलपाचे वावडे नाही.

शिंगणापूरच्या श्रद्धेतला चोर आंधळा होतो. एकनाथांच्या चरित्रकथांतही चोर आंधळे होतात, पण तिथे कथा थांबत नाही. पैठणच्या वाड्यात रात्री चोर शिरले, जिन्नस गोळा केले आणि देवघराशी आल्यावर त्यांची दृष्टी गेली. समाधीतून उठलेल्या नाथांनी त्यांच्या डोळ्यांवरून हात फिरवून दृष्टी परत दिली, गोळा केलेले सगळे नेऊ दिले, बोटातली अंगठीही वर दिली आणि गिरिजाबाईंनी त्या रात्री त्यांना जेवू घातले. एका कथेत दैवी शासन हा शेवट आहे आणि दुसरीत ते शासन संताला सहन होत नाही. दोन्ही कथा आपल्याच भूमीतल्या, दोन्ही आपण श्रद्धेने सांगतो, पण त्यांतला फरक आपल्या फारसा ध्यानात येत नाही. नाथांच्या कथेत चोर आधी भुकेला माणूस आहे आणि मग चोर. म्हणून धार्मिक मनाला कुलपाविषयी जी खरी अडचण वाटायला हवी, ती इथे आहे, शिंगणापुरात नाही.

तीच अडचण गांधींनी 1909 मध्ये ‘हिंद स्वराज’मध्ये फार स्पष्टपणे मांडली. चोराचा दाखला त्यांनी कितीतरी परिच्छेद चालवला आहे आणि तो वाचताना आपली सगळी तयार उत्तरे डळमळतात. घरात शिरलेला चोर आपला बापच निघाला तर आपण एक उपाय करू, ओळखीचा निघाला तर दुसरा, अनोळखी असेल तर तिसरा. तो दुबळा असेल तर एक आणि सशस्त्र असेल तर आणखी वेगळा. मग शस्त्रधारी चोराशी लढायला मी शेजारी जमवतो, तो त्याचे साथीदार आणतो, सगळा गाव हत्यारबंद होतो आणि एका घरच्या चोरीचे सगळ्यांचे युद्ध होते. याला पर्याय म्हणून ते म्हणतात, चोराला अजाण भाऊ समजा, खिडक्या-दारे उघडी ठेवा, वस्तू त्याच्या हाताशी येतील अशा ठेवा. कधीतरी तो गोंधळेल, चौकशी करील, पश्चात्तापाने पाय धरील. सगळे चोर असेच वागतील असा आपला दावा नाही, हेही ते पुढे नोंदवतात. साधन शुद्ध असेल तरच फळ शुद्ध मिळेल, हा त्यांचा मुद्दा. या युक्तिवादाला भाबडा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण त्यातली साखळी खोटी नाही. भिंत उंच झाली की शेजाऱ्याला आपली भिंत ठेंगणी वाटू लागते. एका इमारतीत कॅमेरे बसले की चोराची नजर बिनकॅमेऱ्याच्या इमारतीकडे वळते. आपण विकत घेतलेल्या सुरक्षिततेची किंमत काही अंशी दुसरा कोणीतरी भरतो.

तरीही मला गांधींचा उपाय घरासाठी नियम म्हणून मान्य करता येत नाही. त्याचे कारण ‘मृच्छकटिक’ या शूद्रकाच्या नाटकात फार चांगले सापडते. देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणले, त्यामुळे आपल्याला ते परके नाही. तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताच्या घराला भगदाड पाडतो. तो ब्राह्मण आहे, चौर्यशास्त्र शिकलेला आहे, भिंतीचे माप जानव्याने घेतो. आणि चोरी करतो ती आपली प्रेयसी मदनिका हिला दास्यातून सोडवण्यासाठी. चारुदत्त एकेकाळचा धनिक, दानधर्मात सगळे देऊन बसलेला. जागा झाल्यावर तो त्या भगदाडाच्या आकाराचे कौतुक करतो आणि बिचारा चोर आपल्या घरातून रिकाम्या हाताने गेला असेल म्हणून हळहळतो. काहीतरी गेले हे कळल्यावर त्याला बरेही वाटते. गांधींनी आणि नाथांनी अपेक्षिलेले मन त्याच्याकडे पुरेपूर आहे. पण गेलेली अलंकारांची पेटी गणिका वसंतसेनेची होती, विश्वासाने ठेवायला दिलेली, हे ध्यानात येताच तो मूर्च्छित पडतो. आपल्या मालकीचे चोराला सोडून देणे हे औदार्य असू शकते, पण दुसऱ्याची ठेव सोडून देणे म्हणजे विश्वासघात. पत्नी धूता आपली रत्नमाला देऊन त्याची अब्रू राखते, म्हणजे चारुदत्ताच्या बेसावधपणाचे मोल शेवटी घरच्या बाईने भरले.

हा भेद एकदा मान्य केला की घराकडे बघण्याची दृष्टी बदलते. घरात एकट्या मालकाचे फारच थोडे असते. सुनेचे स्त्रीधन असते, म्हाताऱ्या आईने औषधांसाठी बाजूला ठेवलेले पैसे असतात, भिशीची रक्कम असते, मुलीच्या शिक्षणाची कागदपत्रे असतात, शेजारणीने बाहेरगावी जाताना ठेवायला दिलेला डबा असतो. शिवाय वस्तूंपलीकडे झोपलेली माणसे असतात आणि त्यांच्या निर्धास्त झोपेवर कर्त्या माणसाचा त्यागाचा हक्क चालत नाही. अपरिग्रहाचे व्रत ज्याचे त्याने घ्यायचे असते. दार उघडे ठेवून ते साऱ्या घरावर लादणे हा व्रताचा गैरवापर आहे. आणि कुलूप फक्त श्रीमंताला लागते ही समजूत तर अगदीच चुकीची. बीड-धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आसपास घराला कुलूप घालून कारखान्यांच्या भागात जातात आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. मागे राहते ते धान्याचे पोते, भांडीकुंडी, पेटीतले लुगडे, एखादा मणी. श्रीमंताचे गेले तर विमा असतो, बँकेत लॉकर असतो. या घरातून भांडी गेली तर पुढच्या हंगामाची उचल त्यातच संपते. उघड्या दाराचे तत्त्वज्ञान या माणसाला सांगायला मला जीभ रेटत नाही.

आता दुसरी बाजू. राखण कर्तव्य असेल, तर ती करताना किती पुढे जायचे? या प्रश्नावर जुन्या समाजांनी दिलेली उत्तरे चकित करण्याइतकी सारखी आहेत. बायबलच्या निर्गम पुस्तकात नियम आहे: रात्री घर फोडताना सापडलेला चोर मार खाऊन मेला तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाही, पण सूर्य उगवल्यावर मारले तर दोष आहे. रोमच्या बारा कोष्टकांच्या कायद्यानेही रात्रीच्या चोराला मारणे वैध ठरवले होते. आपली भारतीय न्याय संहिता, 1 जुलै 2024 पासून लागू झालेली, मालमत्तेच्या बचावासाठी प्राण घेण्यापर्यंत जाणारा अधिकार ज्या थोड्या प्रसंगी देते, त्यांत सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी आहे. तीन हजार मैल आणि अडीच हजार वर्षांच्या अंतरावरचे हे कायदे रात्र आणि दिवस असा एकच भेद का करतात? सोने रात्री अधिक मोलाचे होत नाही. अंधारात घरच्यांना कळत नाही की समोरचा वस्तूसाठी आला आहे की जिवासाठी. म्हणजे मारण्याची मुभा मालमत्तेतून निघतच नाही, ती जिवाच्या भयातून निघते. तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या पंडितांनी हे आणखी खोल नेले. घर फोडणाऱ्याला मारता येते, कारण मालक आपल्या धनासाठी प्रतिकार करणार हे त्याला ठाऊक असते आणि त्या तयारीनेच तो येतो, असे ते गृहीत धरतात. पण बाप मुलाच्या घरात शिरला असेल तर मुलाला ही मुभा नाही, कारण बाप मुलाचा जीव घेणार नाही हे माहीत आहे. बापाचा हाच दाखला गांधींनीही घेतला, हे मला विलक्षण वाटते. दोघांनाही एकच दिसले: समोरच्याविषयी आपण काय गृहीत धरतो, त्यावर सगळे ठरते. आणि ज्या क्षणी ते गृहीत खोटे ठरते, म्हणजे चोर पळाला, पकडला गेला, बांधला गेला, त्या क्षणी मुभा संपते. आपला कायदाही हा अधिकार घरफोडीने सुरू झालेला अतिक्रम चालू असेपर्यंतच देतो आणि बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करण्याला मनाई करतो.

कायदा इतका जपून बोलतो आणि आपण मात्र याच ठिकाणी सर्वांत बेपर्वा असतो. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले, मुले पळवणारे म्हणून. 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असेच मारले गेले. चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा तेव्हा त्या भागात पसरल्या होत्या. या दोन्ही ठिकाणी जमलेले लोक स्वतःला राखणदारच समजत होते. त्यांच्या घरांची कुलपे तुटलेली नव्हती, कुणाचे काही चोरीला गेले नव्हते. त्यांच्यापुढे फक्त अनोळखी माणसे होती आणि ती अनोळखी आहेत एवढाच पुरावा होता. मनुस्मृतीवर आज कुणाचा कितीही रास्त राग असला, आणि तो असायलाच हवा, तरी त्या ग्रंथातही राजाला बजावलेले आहे, की मुद्देमालाशिवाय सापडलेल्या चोराला मृत्युदंड देऊ नये. सत्ताधीश राजालाही जी मर्यादा घातली होती, ती आजचे गाव रात्रीतून ओलांडते.

जमावाचे उदाहरण टोकाचे आहे, असा आक्षेप येईल. पण याच मनोवृत्तीला एकेकाळी पूर्ण कायदेशीर रूप होते. 1871 चा क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट ब्रिटिशांनी केला आणि जन्मानेच गुन्हेगार ठरणाऱ्या जमातींची यादी झाली. पारधी, कैकाडी, मांग गारुडी, टकारी यांसारख्या कितीतरी समाजांना पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. सोलापूरला त्यांच्यासाठी सेटलमेंट उभी राहिली, तिला तारेचे कुंपण होते. घराभोवती घालायचे कुंपण माणसांभोवती पडले आणि चोर बाहेर ठेवण्याऐवजी ज्यांना चोर ठरवले होते ते आत कोंडले गेले. 1952 मध्ये हा कायदा रद्द झाला. 31 ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ 1980 मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ 1987 मध्ये आले, तेव्हा पांढरपेशा मराठी वाचकाला कुंपणापलीकडून स्वतःचे घर कसे दिसते हे प्रथमच वाचायला मिळाले. तरी आजही गावात घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालांकडे वळते, ही तक्रार त्या समाजाचे कार्यकर्ते सतत करत आहेत. चारुदत्ताला मूर्च्छा आली तिचे आणखी एक कारण होते: चोरी झाली यावर कोण विश्वास ठेवणार, गरिबानेच पेटी लाटली असे लोक म्हणतील. दारिद्र्यालाच पुरावा मानायची खोड तितकी जुनी आहे.

इथे एक व्यवहारी प्रश्न उभा राहतो आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. राखण करायची तर कुणावर तरी नजर ठेवावीच लागते. सोसायटीच्या वॉचमनने सगळ्यांना सोडले तर त्याला ठेवायचे कशाला? अनुभवातून काही सावधपणा येतो, त्याला सरसकट द्वेष कसे म्हणता येईल? माझे उत्तर असे, की नजर कृतीवर ठेवता येते आणि माणसाच्या जातकुळीवरही ठेवता येते; या दोन नजरा वेगळ्या आहेत. दुपारी बंद घराच्या कड्या हलवून पाहणाऱ्याला हटकणे ही राखण. येणाऱ्या प्रत्येकाचे नाव वहीत लिहिणे, तो कुरिअरवाला असो की सभासदाचा मेहुणा, हीही राखण. पण धुणीभांडी करणाऱ्या बाईची पिशवी रोज जाताना तपासायची, तिने वेगळ्या लिफ्टने जायचे, हरवलेली अंगठी सापडेपर्यंत चोर तीच, आणि नंतर ती अंगठी बाथरूममध्ये सापडल्यावर तिला कुणी दोन शब्दही बोलायचे नाहीत, हे राखणीत बसत नाही. कुलपाचा मोठा गुण हा, की ते कुणाचेही तोंड पाहून वागत नाही. किल्ली नसेल त्या सर्वांना ते सारखेच अडवते, गर्भश्रीमंत भाच्यालाही आणि भंगारवाल्यालाही. म्हणून मला चांगले कुलूप नैतिकदृष्ट्या संशयापेक्षा फार स्वच्छ वाटते. ज्या घराची कडी मजबूत आहे, त्याला कामवालीकडे चोरट्या नजरेने पाहण्याची गरज कमी पडायला हवी. प्रत्यक्षात कडीही वाढते आणि नजरही, ही आपली चूक आहे, कुलपाची नाही.

जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट अशी होती जी आपण घालवली, आणि ती मला महत्त्वाची वाटते. चोरीची जबाबदारी तेव्हा एकट्या घरावर नव्हती. आपस्तंब धर्मसूत्रात नगराभोवती एक योजन आणि गावाभोवती एक कोसपर्यंत राखणदारांनी चोरांपासून रक्षण करावे, आणि त्या हद्दीत गेलेले त्यांच्याकडून भरून घ्यावे असे आहे. गौतम धर्मसूत्राने राजाला चोरीचा माल परत मिळवून द्यायला सांगितले, आणि ते जमले नाही तर खजिन्यातून भरपाई करायला. याज्ञवल्क्य स्मृतीत चोराचा माग गावाच्या हद्दीबाहेर गेला नाही तर दोष गावाकडे येतो. आपल्या गावगाड्यातही रामोशी, जागले पावलांचा माग काढत शेजारच्या शिवेपर्यंत नेत आणि मग पुढची जबाबदारी त्या गावाची होई. यावर लगेच आक्षेप येईल, आणि तो खरा आहे, की ही व्यवस्था जातीच्या उतरंडीवर उभी होती. ज्यांनी रात्रभर जागायचे ते वेशीबाहेर राहत, त्यांना मोबदला तुटपुंजा मिळे आणि चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावरच येई. ती व्यवस्था परत आणावी असे कोणी म्हणू नये. पण तिच्या मुळाशी असलेला विचार जातीसोबत फेकून देण्याजोगा नव्हता: एका घराची चोरी ही साऱ्या वस्तीची हानी आहे आणि राज्याचे अपयश आहे. आज राज्य पंचनामा करते, तपास करते, पण गेलेले भरून देण्याचे बंधन स्वतःवर घेत नाही. मग राखण ही पैशाने विकत घ्यायची वस्तू होते. ती ज्याला परवडते त्याच्या फाटकाशी बारा-बारा तास खुर्चीवर बसलेला एक माणूस असतो आणि त्याच्या स्वतःच्या पत्र्याच्या खोलीला धड कडी नसते. त्याच्या रात्रींचे मोल नीट मिळावे म्हणून महाराष्ट्राने 1981 मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला, मंडळे नेमली. आपल्या सोसायटीचा रक्षक त्या कायद्याच्या छत्राखाली आहे की नाही, हे सभासदांच्या बैठकीत विचारले जायला हवे. कॅमेऱ्यांच्या संख्येवर तासभर चर्चा होते, तिथे एवढा वेळ नक्की निघतो.

उरला तो सर्वांत अवघड आक्षेप, आणि तो धर्माच्या बाजूनेच येतो. भागवताच्या सातव्या स्कंधात म्हटले आहे, की पोट भरेल तेवढ्यावरच माणसाचा हक्क, त्याहून अधिक आपले मानणारा चोर आहे आणि दंडाला पात्र आहे. येरवड्याच्या तुरुंगातून 1930 मध्ये लिहिलेल्या पत्रांत गांधींनीही गरज नसताना बाळगलेल्या वस्तूला चोरीच म्हटले. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात अस्तेयाचे, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचे, अतिचार (भंगाचे प्रकार) सांगितले आहेत: चोराला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचा नियम मोडून व्यवहार करणे, मापात पाप आणि भेसळ. यांतल्या एकाही चोरीला रात्री भिंत फोडावी लागत नाही. मग आतला आणि बाहेरचा, दोघेही चोर असतील, तर आतल्याने कोणत्या तोंडाने कुलूप लावावे? हा प्रश्न मी टाळू इच्छित नाही, कारण त्याचा अर्धा भाग बरोबर आहे. पावती न मागता स्वस्तात सोने घेणारा सराफ आणि बिलाशिवाय मोबाइल घेणारा गिऱ्हाईक नसता तर बऱ्याच घरफोड्या व्हायच्याच थांबल्या असत्या. ज्या पगारातून घर उभे राहिले तो कुणाच्या मजुरीत काटछाट करून आला, हे घरमालकाने स्वतःला विचारलेच पाहिजे. पण या विचारणीतून बाहेरच्या माणसाला घर फोडण्याचा परवाना मिळत नाही. घरमालकाचा दोष ठरवायला ग्राहक न्यायालय आहे, कामगार आयुक्त आहे, प्राप्तिकर विभाग आहे आणि त्याचे स्वतःचे मन आहे. रात्री दोन वाजता पहार घेऊन येणारा त्याचा न्यायाधीश होऊ शकत नाही. शिवाय घरफोडीचा अनुभव असा, की चोर दोषी घर निवडत नाही, सोपे घर निवडतो. आणि सोपे घर बहुधा म्हाताऱ्या जोडप्याचे, एकट्या बाईचे किंवा गावी गेलेल्या मजुराचे असते.

चोराला शासन व्हावे की नाही, याविषयी शांतिपर्वातली शंख-लिखितांची कथा मला फार मोलाची वाटते. लिखिताने भाऊ शंख याच्या आश्रमातली फळे न विचारता खाल्ली. शंखाने त्याला सुद्युम्न राजाकडे जाऊन दंड मागायला सांगितले. राजा क्षमा करायला तयार होता, लिखिताने आग्रह धरला आणि त्याचे हात तोडले गेले. परत आल्यावर शंखाने त्याला नदीत स्नान करून तर्पण करायला सांगितले आणि हात पुन्हा उगवले. हात तोडण्याची शिक्षा आज आपल्याला क्रूर वाटते आणि ती क्रूरच आहे, पण कथेचा रोख पहा. भावाभावांत झालेली, मूठभर फळांची चोरीही चोरीच मानली गेली. ‘आपलाच आहे’ म्हणून ती झाकली नाही. आणि दंड भोगून झाल्यावर माणूस पूर्ववत झाला, अंगावर खूणही राहिली नाही. 1871 च्या कायद्याने याच्या नेमके उलट केले: गुन्हा न करताही खूण आधीच मारून ठेवली आणि ती पुसण्याची कोणतीही नदी ठेवली नाही. आजचे आपले वागणे या दोहोंपैकी कशाच्या जवळ आहे, हे तपासायचे असेल तर शिक्षा भोगून सुटलेल्या तरुणाला काम मागताना काय ऐकावे लागते ते पाहावे. त्याच्या वस्तीचा पत्ता सांगताच नोकरी जाते. तो पुन्हा त्याच वाटेला लागला की ‘सराईत’ म्हणून आपण समाधान मानतो.

म्हणून घर राखण्याचा विचार कुलपाच्या प्रतीवर थांबवून चालणार नाही. चोर सापडला, चार लोकांनी त्याला खांबाला बांधले, यानंतरची दहा-वीस मिनिटे या सगळ्या विचाराची कसोटी असतात. घर तेव्हा सुरक्षित झालेले असते. कायद्याने दिलेला बचावाचा अधिकार संपलेला असतो. रात्रीचे ते भय, ज्याच्यामुळे निर्गमातला आणि न्याय संहितेतला नियम मालकाच्या बाजूने उभा राहिला, ते ओसरलेले असते. आता बांधलेल्या माणसावर पडणारा प्रत्येक फटका कुठल्याही घराचे रक्षण करत नाही. त्या वेळी जमावातल्या एकाने पुढे होऊन हात अडवणे, 112 ला फोन लावणे, पोलीस येईपर्यंत त्याला पाणी देणे, हेही त्या रात्रीच्या राखणीतच मोडते. आणि सोसायटीने किंवा ग्रामपंचायतीने आपल्या रक्षकांना ते काम नियम म्हणून, लेखी, सांगून ठेवले पाहिजे.